तसा म्हणजे कसा?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांवर जातो, रस्त्याचं डांबर मऊ होऊन चपलेला बिलगतं, आणि अशा वेळी आमचा गाववाला घाम पुसत म्हणतो, “आज जरा ऊन हाय बघा.” पुण्याचा पाहुणा हे ‘जरा’ ऐकून टोपी न घालताच बाहेर पडतो. आमची शेंगा चटणीही ‘जराशीच’ तिखट असते. डोळ्यांतून पाणी आलं म्हणजे पाहुण्याला कळतं, की विशेषणापेक्षा त्याला जोडलेल्या शेपटाला अधिक जपावं.

रंग आणि चवी यांच्या बाबतीत आपली मराठी मोठी दिलदार. एकेका विशेषणाचं तिनं पत्रिका जुळवून लग्न लावून दिलं आहे. लालला भडक, पिवळ्याला धमक, काळ्याला कुट्ट, आंबटाला ढाण, गोडाला मिट्ट! अदलाबदल चालायची नाही. ‘पिवळाकुट्ट’ म्हणून पाहा, तोंडाची चव जाईल. एक ‘गार’ तेवढा दोन घरी नांदतो: हिरव्याकडेही आणि थंडाकडेही. उतरवून बोलायचं असेल तर ‘लालसर’ आहे, ‘हिरवट’ आहे. तिकडे हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत ‘हुंग’ म्हणजे लाल. तोच शब्द दोनदा म्हणून पुढं ‘देइ’ जोडलं, की लाली वाढत नाही, उलट उतरते आणि लालसर होते. आपल्याकडे ‘लाल लाल’ म्हटलं की ती चढते. म्हणजे ज्याचं त्याचं माप वेगळं, पण माप आहे.

माणसाच्या गुणांपाशी आलं की मात्र ही मापं संपतात. ‘प्रामाणिक’ला भडक नाही, धमक नाही. ‘फार प्रामाणिक’ म्हटलं तर ऐकणारा सावध होतो, आणि ‘तसा प्रामाणिक आहे’ म्हटलं की त्या माणसाचा निकालच लागला!

हा ‘तसा’ फार घातक. आमच्या पेठेत एका मुलाच्या चौकशीला मंडळी आली होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मुलगा तसा चांगला आहे हो.” मंडळींनी चहाही तसाच ठेवला. ते स्थळ पुन्हा फिरकलं नाही. मी विचारलं, “काकू, तसा म्हणजे कसा?”

“अरे, रोज आमच्या फाटकासमोर स्कूटर लावतो मेला!”

म्हणजे हा ‘तसा’ स्कूटरपुरता होता. मंडळींनी त्यात दारू, जुगार आणि एखादं लफडं एवढं सगळं भरून घेतलं.

तुम्ही म्हणाल, चांगुलपणाचं कधी माप असतं का? प्राचीन ग्रीसमधले स्टोइक तत्त्वज्ञ हेच म्हणत. हातभर पाण्याखाली असलेला आणि समुद्राच्या तळाशी गेलेला, दोघंही सारखेच बुडालेले. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहून विचार केला, तर मला काही हे पटत नाही. हातभर खाली असलेल्याला वर ओढता तरी येतं. त्यासाठीच किती खोल, हे कळायला हवं. ‘पैशाला चोख, वेळेला जरा ढिला’ या बोलण्यात माप आहे, म्हणून न्यायही आहे. ‘तसा’मध्ये फक्त बोलणाऱ्याची सुटका आहे. उद्या काही निघालं, तर ‘मी तेव्हाच सुचवलं होतं’. नाही निघालं, तर ‘मी चांगलाच म्हटलं होतं’. किंमत तिसऱ्यानं मोजायची.

मंडईत आपण तराजूच्या काट्यावरून नजर हलवत नाही. पन्नास ग्रॅम वांगी कमी पडली तर भांडतो. माणूस तोलताना मात्र काट्यावर रुमाल टाकतो. तेव्हा कुणी कुणाला ‘तसा’ म्हटलं, की निदान एवढं विचारावं: कसा? किती? आणि कुठल्या बाबतीत? निम्म्या वेळा आतून स्कूटरच निघेल.