नसलेल्या कामाची तालीम

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनच्या मजूर मंत्रालयाने बेकार कामगारांसाठी दोन तऱ्हेची केंद्रे चालवली. पहिली सरकारी प्रशिक्षण केंद्रे. तेथे सुमारे सहा महिन्यांत गवंडीकाम, सुतारकाम किंवा यंत्रकाम शिकवले जाई, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी बहुतेकांना नोकरी लागे. दुसरी ‘इन्स्ट्रक्शनल सेंटर’ म्हणून ओळखली जाणारी. यांच्या छावण्या गावापासून दूर, बहुतेक वनखात्याच्या जमिनीवर असत. बारा आठवडे चर खणायचे, झाडे तोडायची, खडी फोडायची, रस्ते करायचे. राहणे, जेवण आणि बूट-कपडे सरकारचे. हातात मात्र हातखर्चापुरते काही शिलिंग. १९२९ ते १९३९ या दशकात सुमारे दोन लाख पुरुष या छावण्यांतून गेले. त्यांना नवा धंदा शिकवावा असा हेतूच नव्हता. बसून बसून ढिले पडलेले शरीर आणि सुटलेली शिस्त पूर्ववत करणे, एवढेच उद्दिष्ट होते. त्यामुळे ही योजना अर्थकारणाची असली तरी तिच्या तळाशी एक जुना धार्मिक प्रश्न होता: माणसाने काम का करावे, आणि काम नसलेल्या माणसाने अन्नावरचा आपला हक्क कसा सिद्ध करावा?

ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाला दोन उत्तरे सापडतात आणि ती एकमेकांशी सहज जुळत नाहीत. पहिले संत पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले: ज्याला काम करायचे नाही, त्याने जेवूही नये. लूथरने पुढे प्रत्येक धंद्याला ईश्वरी बोलावण्याचा दर्जा दिला. प्युरिटनांच्या हाती आळस हा केवळ दुर्गुण न राहता आत्म्याच्या अधोगतीचे लक्षण ठरला. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याने हीच धारणा विटा-चुन्यात उभी केली. मदत हवी असेल तर वर्कहाउसमध्ये या, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही खडतर असेल, असे त्या कायद्याचे सूत्र होते. खडी फोडायला लावणे ही गरजू माणूस खरा की ऐतखाऊ हे तपासण्याची जुनीच कसोटी. छावण्यांतली खडी त्याच ढिगातली.

पण पौलाचे शब्द नीट पाहिले तर ते काम नाकारणाऱ्याबद्दल आहेत. ज्याला काम मिळत नाही त्याच्याबद्दल नाहीत. दुसरे उत्तर नेमके त्याच माणसाचे आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा धनी दिवस कलताना बाजारात उभ्या माणसांना विचारतो की तुम्ही रिकामे का उभे आहात. आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही, असे ते सांगतात. धनी त्यांना मळ्यात पाठवतो आणि दिवसभर राबलेल्यांइतकीच मजुरी देतो. येथे मजुरी घामाच्या मापाने ठरत नाही. पोट सर्वांना सारखेच आहे, हे तिचे माप. जॉन रस्किनने आपल्या अर्थशास्त्रावरील पुस्तकाचे नाव याच दाखल्यातून घेतले, आणि १९०८ मध्ये गांधीजींनी त्याचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणला.

ब्रिटनमध्ये मात्र पहिल्याच उत्तराचा वरचष्मा राहिला. १९२८ मध्ये सरकारने नेमलेल्या इंडस्ट्रियल ट्रान्स्फरन्स बोर्डाने किमान दोन लाख खाणकामगार कायमचे जादा ठरल्याचे सांगितले. हे निदान उद्योगाचे होते. औषध मात्र कामगाराला पाजले गेले. जादा झालेल्यांनी गाव सोडून कामाच्या शोधात इतरत्र जावे आणि त्यासाठी आधी शरीराने तयार व्हावे, असा तो तर्क. विशेष म्हणजे छावण्यांची ही व्यवस्था मजूर पक्षाच्या सरकारनेही, मार्गारेट बाँडफिल्ड मजूरमंत्री असताना, चालवली. त्या स्वतः दुकानात राबून आलेल्या. काही काळ तर छावणीत जायला नकार देणाऱ्याचा भत्ता बंद होण्याची धास्ती होती. वॉल हॅनिंग्टन यांच्या नेतृत्वाखालील बेकारांच्या चळवळीने या छावण्यांना गुलामांच्या छावण्या म्हटले. शब्द अतिशयोक्तीचा खरा. तरी ज्या कामासाठी बाहेर रोज मोजावा लागला असता, तेच काम येथे ‘उपचार’ म्हणून फुकटात होई, हा आक्षेप त्याने खोटा ठरत नाही. जंगलातले रस्ते उपयोगी होते. मग ते करणारा मजूर का नव्हे, रोगी का, याचे समाधानकारक उत्तर सरकारकडे नव्हते.

सरकारी बाजू मात्र एका मुद्द्यावर भक्कम होती. रिकामपण माणसाला खरोखरच पोखरते. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावात गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तेथील बेकारांचा अभ्यास केला; तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर असूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत आणि पुरुषांची चालही मंदावली होती. आर्चबिशप विल्यम टेंपल यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि १९३८ मध्ये आलेल्या ‘मेन विदाउट वर्क’ या अहवालानेही दीर्घ बेकारीत मन खचते हे नोंदवले. तेव्हा हाताला काम हवेच, हे मान्य करावे लागते. पण मारिएनथालच्या माणसांचे नुकसान स्नायूंच्या ढिलाईने झाले नव्हते. दिवसाला आकार राहिला नव्हता, आणि आपण कोणाला तरी हवे आहोत ही जाणीव गेली होती. बारा आठवड्यांची छावणी आकार देई. हवेपणा देणे तिच्या हातात नव्हते. छावणीतून परतलेल्यांपैकी थोड्यांनाच काम मिळाले. सरकारी प्रशिक्षण केंद्रांतून बाहेर पडलेल्यांचे निराळे. पण तेथे मुळात निवडक माणसे घेतली जात.

बायकांच्या बाबतीत तर प्रश्न विचारायची तसदीही कोणी घेतली नाही. त्यांच्या केंद्रांत मुख्यतः घरकामाचे शिक्षण दिले जाई, म्हणजे परक्याच्या घरी मोलकरीण होण्याचे.

श्रमाच्या कर्तव्याला त्या काळी दोन बाजूंनी आव्हान मिळाले. बर्ट्रंड रसेल यांनी १९३२ च्या निबंधात आळसाची बाजू घेतली: काम हाच सद्गुण, ही शिकवण राबवून घेणाऱ्यांच्या सोयीची आहे; यंत्रे आहेत तर सर्वांनी थोडे थोडे काम करावे. गांधीजींची वाट नेमकी उलटी. टॉलस्टॉय आणि रशियन शेतकरी-लेखक बोंदारेव यांच्याकडून आलेल्या शरीरश्रमाच्या तत्त्वाचे ते कट्टर समर्थक, आणि धडधाकट माणसाला काम न देता फुकट अन्न देणे त्यांना मान्य नव्हते. सप्टेंबर १९३१ मध्ये ते लँकेशायरला जाऊन बेकार गिरणीकामगारांना भेटलेही. तरीही त्यांचे तत्त्व छावण्यांच्या समर्थनाला कामी येत नाही, कारण ते राजा-रंक सर्वांना सारखेच लागू होते. पोटासाठी श्रम हा धर्म असेल, तर व्याजावर जगणाऱ्यानेही कुदळ धरायला हवी. ब्रिटनमध्ये खाणमालकाला कोणी चर खणायला पाठवले नाही. जे कर्तव्य फक्त भत्ता घेणाऱ्यावर पडते त्याला धर्म म्हणता येत नाही. ती अट ठरते.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा या छावण्यांचे काम संपले. पुढे देशाला माणसे अपुरी पडू लागली. वर्षानुवर्षे जादा ठरलेले हात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत लागले. त्यांच्या स्नायूंची तपासणी करायला कोणाला वेळ नव्हता. सरकारी प्रशिक्षण केंद्रे मात्र टिकली, कारण त्यांच्याकडे शिकवण्यासारखे काही होते. १९४१ मध्ये मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या योजनेखाली भारतातून निवडलेल्या तरुण कामगारांची पहिली तुकडी इंग्लंडला पोहोचली, आणि लेचवर्थच्या सरकारी केंद्रात यंत्रकाम शिकू लागली.