वल्हांडणाचं ऋण

ईस्टर हा मूळचा ख्रिस्ती सण नव्हेच, असं छातीठोकपणे सांगणारे अलीकडे बरेच भेटतात. कोणी तो बॅबिलोनच्या इश्तार देवीचा म्हणतं, कोणी जर्मनांच्या ऑस्टारा देवीचा. ससा आणि रंगवलेली अंडी ही त्या देवीच्या प्रजननशक्तीची चिन्हं, चर्चने तिचा उत्सव बळकावला आणि त्यावर येशूचं नाव घातलं, असा एकूण सूर असतो. हा दावा मुळापासून तपासायला हवा. तो टिकत नाही हे तर खरंच. पण त्याच्या गलबल्यात एक खरा आणि कितीतरी गंभीर वाद झाकला गेला आहे.

आधी देवीचं पाहू. उत्तर इंग्लंडमधल्या जॅरोच्या मठात बीड नावाचा एक विद्वान साधू होता. इ.स. ७२५ मध्ये त्याने कालगणनेवर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. जुन्या इंग्लिश महिन्यांची नावं सांगताना तो ओघात म्हणतो, की साधारण एप्रिलच्या महिन्याचं नाव एओस्त्रे या देवीवरून पडलं, पूर्वी त्या महिन्यात तिचे उत्सव होत, आणि आता लोक पुनरुत्थानाच्या सणालाही तेच नाव देतात. बस्स, एवढंच. तिचं देऊळ कुठे होतं, मूर्ती कशी होती, कथा काय होती, यावर एक अक्षर नाही. ससा नाही, अंडं नाही. पुढे हजारएक वर्षांनी, १८३५ मध्ये, याकोब ग्रिम यांनी या तुटपुंज्या आधारावर ‘ऑस्टारा’ ही जर्मन देवी कल्पिली. अंडी आणणारा ससा लेखी नोंदीत येतो तो १६८२ मध्ये, एका जर्मन वैद्याच्या लिखाणात. आणि त्या सशाचा देवीशी संबंध असावा, हा तर्क निघाला १८७४ मध्ये. १९५८ साली जर्मनीत ऱ्हाइनच्या खोऱ्यात रोमन काळातले दीडशेहून अधिक शिलालेख सापडले. त्यांतल्या मातृदेवतांचं नाव एओस्त्रेशी जुळतं, म्हणून बीडने देवी मनाने रचली, असं आज कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. देवी असेलही. पण सणाचा उगम त्यातून सिद्ध होत नाही. बीडच्या आधी पाचशेहून अधिक वर्षं आशिया मायनरमध्ये आणि रोममध्ये हा सण पाळला जात होता, आणि तिथे त्याचं नाव ‘पास्का’ होतं. आजही ग्रीक, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या सगळ्या भाषांत तेच नाव आहे. इंग्रजांनी आणि जर्मनांनी आपल्या महिन्याचं नाव सणाला दिलं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना मार्गशीर्षाचं नाव पडावं, तसं.

अंड्यांचं कारण तर स्वयंपाकघरातलंच आहे. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मध्ययुगीन युरोपात अंडी वर्ज्य होती. कोंबड्या काही उपवास धरत नाहीत. साठलेली अंडी उपवास सुटला की खायची, रंगवायची, वाटायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या हिशेबात ईस्टरला वाटण्यासाठी साडेचारशे अंडी घेतल्याची नोंद आहे.

इश्तारची कथा याहून पोकळ आहे. अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लोकप्रिय केली, आणि रोमन कॅथलिक पंथ म्हणजे बॅबिलोनची मूर्तिपूजा हे सिद्ध करणं हा त्याचा उघड हेतू होता. आधार काय, तर दोन नावांचा उच्चार जवळचा वाटतो. मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती, असं पु. ना. ओकांनी याच वाटेने ठरवलं होतं. उच्चारसाम्यावर इतिहास उभा करायचा म्हटला तर काहीही सिद्ध होतं.

मग खरा उगम कुठे? मराठी बायबलमध्ये ज्याला वल्हांडण म्हटलं आहे, त्या यहुदी सणात. निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात त्याची कथा आहे. मिसरच्या गुलामीतून सुटण्याच्या रात्री इस्राएली घरांनी कोकरू मारलं, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि मृत्यू त्या घरांना ओलांडून गेला. निसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, पौर्णिमेच्या तोंडावर, यहुदी लोक आजही हा सण धरतात. येशू स्वतः यहुदी होता. वल्हांडणासाठीच तो यरुशलेमला गेला आणि त्याच दिवसांत क्रुसावर मारला गेला. मत्तय, मार्क, लूक यांच्या मते शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन; योहानाच्या हिशेबाने क्रुसावरचा मृत्यू भोजनाच्या आधी, कोकरं कापली जात होती त्या दिवशी. तपशील जुळत नाहीत, पण चौघांनाही येशूच्या मरणाचा अर्थ वल्हांडणावाचून सांगता येत नाही. गुलामीतून सुटका, कोकराचं रक्त, मृत्यूवर मात हे सारं तिथलंच आहे.

म्हणूनच ख्रिस्ती समाजातला पहिला मोठा तंटा याच तारखेवरून झाला. आशिया मायनरचे ख्रिस्ती यहुद्यांच्याच चौदाव्या तिथीला, वार कोणताही असो, पास्का पाळत. रोमला रविवारच हवा होता, कारण पुनरुत्थान रविवारी झालं. इ.स. १५५ च्या सुमारास स्मुर्ना शहराचे वृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले आणि बिशप अनिसेतस यांच्याशी या विषयावर बोलले. दोघांपैकी कोणीही आपली रीत सोडली नाही. तरी अनिसेतस यांनी उपासनेचा मान पॉलिकार्पना दिला, आणि दोघं सलोख्याने वेगळे झाले. ईस्टरच्या इतिहासातला हा मला सर्वांत मोलाचा प्रसंग वाटतो. मतभेद मिटले नाहीत, आणि मिटायची गरजही वाटली नाही. पुढच्याच पिढीत, इ.स. १९० च्या आसपास, रोमचे बिशप व्हिक्टर आशिया मायनरच्या साऱ्या चर्चना वाळीत टाकायला निघाले, तेव्हा लिऑनच्या इरेनियस यांनी त्यांना हाच जुना प्रसंग ऐकवला.

इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने ठरवलं की सर्वांनी एकाच रविवारी सण करावा आणि तारखेसाठी यहुद्यांवर विसंबू नये. परिषदेनंतर सम्राट कॉन्स्टंटाइनने चर्चना पाठवलेल्या पत्रात यहुद्यांविषयीची घृणा उघड आहे; त्यांच्याशी आपलं काही समान राहू नये, असं तो बजावतो. पुढे पाश्चात्त्य गणित स्थिरावलं ते असं: २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. पौर्णिमा यहुद्यांचीच राहिली, पण पंचांग वेगळं झालं. त्याचा परिणाम आपल्याला, अधिक महिना ठाऊक असलेल्यांना, चटकन कळतो. २०२४ च्या वसंतात यहुद्यांनी अधिक महिना धरला. ईस्टर ३१ मार्चला झाला आणि वल्हांडण सुरू झालं २२ एप्रिलच्या संध्याकाळी. ज्या सणाच्या दिवसांत येशू मारला गेला तो सण, त्याच्या पुनरुत्थानाच्या सणानंतर तीन आठवड्यांनी आला.

प्रश्न तारखेचा असता तर सोडून देता आला असता. पण दुसऱ्या शतकातच सार्दिसच्या मेलिटो यांनी पास्कावरच्या प्रवचनात इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप ठेवला. हे मेलिटो स्वतः चौदावी तिथी पाळणारे! सण यहुद्यांचा, तिथी यहुद्यांची, आणि दोषीही यहुदीच. या आरोपाने पुढे शतकानुशतकं ईस्टरचे दिवस युरोपातल्या यहुदी वस्त्यांसाठी भयाचे केले. १९०३ साली रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात दंगल उसळली ती ईस्टरच्या रविवारी. ४९ यहुदी मारले गेले. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला यहुद्यांना विश्वासघातकी ठरवणारा शब्द पोप तेविसावे जॉन यांनी काढला तो १९५९ मध्ये. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, हे व्हॅटिकन परिषदेने अधिकृतपणे म्हटलं १९६५ मध्ये. फार उशीर झाला होता.

तरीही उपासनेने हे मूळ टाकलं नाही. वसईत किंवा गोव्यात ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमधले दिवे मालवतात, बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची उंच मेणबत्ती लावतात. मेणबत्तीवर क्रूस आणि त्या वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. एकेकाच्या हातातली मेणबत्ती तिच्यावरून पेटत जाते आणि अंधारं चर्च उजळतं. मग जुन्या करारातली वाचनं होतात. वेळ नसेल तर त्यांतली काही गाळता येतात; पण एक कधीच गाळता येत नाही. ते म्हणजे निर्गमाच्या चौदाव्या अध्यायातलं, समुद्र दुभंगून इस्राएल लोक पार झाल्याचं. पुनरुत्थानाची घोषणा त्या वाचनानंतरच होते.

आणि वल्हांडणाचा हा मूळ सण आपल्या कोकणात शतकानुशतकं पाळला गेला आहे. अलिबागच्या परिसरातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींनी, बाकी यहुदी जगाशी संपर्क तुटला असतानाही, तो सोडला नाही. त्याला ते ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट कालवणाचं भांडं त्या दिवसांत झाकून ठेवायचं, म्हणून हे नाव. आंबवलेलं वर्ज्य करण्याच्या मूळ नियमाची कथा विस्मरणात गेली, पण भांडं मात्र पिढ्यान्‌पिढ्या झाकलं गेलं. आपल्या शेजारच्या या माणसांची आठवण ईस्टरच्या चर्चेत कोणी काढत नाही, आणि न सापडणाऱ्या देवीसाठी मात्र आपण वाद घालत बसतो.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या धर्मगुरूंना माझी विनंती आहे. त्या रात्री निर्गमाचं वाचन झाल्यावर प्रवचनात स्पष्ट सांगा, की ही कथा आधी यहुद्यांची आहे, ते आजही ती जगतात, आणि अलिबागला नि ठाण्याला ती मराठी घरांत जगली गेली आहे.