अंगणातलं गाजरगवत

पावसाळा लागला की अंगणातल्या हरळीत गाजरगवत माजायचं. परदेशातलं हे तण पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेत आलं, मग आमच्या दारात. जमीन ओली असताना, फुलावर यायच्या आधी आई ते मुळासकट उपटायची. हात खाजून लाल व्हायचे. मला बघवेना. एक दिवस तिला न विचारता टू-फोर-डी फवारलं. गाजरगवत वाळलं, हरळी तगली. पण कडेची घोळ अन् तांदुळजाही गेला. औषधाला रुंद पान कळतं, भाजी कळत नाही.

"आरं, तांदुळजानं काय वाईट केलं होतं तुझं?"

तुझ्या हातांसाठी केलं, असं म्हणणार होतो. म्हणवलं नाही.

पुढच्या पावसात गाजरगवतच आधी उगवलं. आई हाताला फडकं गुंडाळून बसली.