ओतणारा हात

शाळकरी मुलगा मद्य प्याल्याचे उघडकीस आले की गावात पहिला प्रश्न निघतो, तो संगतीचा. आमच्या मते हा शोध फार उशिरा सुरू होतो. किनाऱ्यावरच्या परक्यांकडे बोट दाखविणेही सोपे आहे. हरमल-मोरजीची नावे त्यासाठी तयारच असतात. पण डिचोलीस समुद्र नाही.

पेडणे-डिचोलीकडे मार्च ते मे हे काजूच्या भट्टीचे दिवस. मुले बोंडू वेचतात, नीरो पितात; त्यात गैर काहीच नाही. परंतु नीरो, हुर्राक आणि फेणी ही एकाच रसाची तीन रूपे, आणि पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाण्यास मुलाला वाट शोधावी लागत नाही. एखादा मामा पेल्याच्या तळाशी दोन घोट राखून म्हणतो, 'पळय रे, कशी लागता ती!' मुलाच्या वाकड्या तोंडाला मंडळी हसतात. त्या हसण्यात त्याला प्रौढांच्या पंक्तीत घेतल्याचा मान असतो. पुढे सवंगड्यांनी त्या मानाची केवळ आठवण करून द्यायची असते.

फेणीशी आमचे वैर नाही. राखणदारास वाहिले जाणारे, २००९ साली भौगोलिक निर्देशन लाभलेले असे हे पेय. प्रश्न ओतणाऱ्या हाताचा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ७७ वे कलम अठरा वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यासाठी ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. देणारा कोणीही असो. कायदा दुकानदार आणि मामा असा भेद करीत नाही. मामाला मात्र हे कलम आपल्यासाठी आहे असे स्वप्नातही वाटत नाही. शाळेत मुलाची चौकशी होते, पालकांस बोलावणे जाते, आणि कित्येकदा तोच हात मुख्याध्यापकांपुढे जोडलेला दिसतो.

मग मुलगा सर्वस्वी निर्दोष मानावा काय? तसे मानले, तर त्याच वाड्यावरचा, त्याच पंक्तीत बसून पेला परत करणारा दुसरा मुलगा आम्हांस उलगडत नाही. त्याने काही निवडले असेल, तर पहिल्यानेही निवडले. फरक एवढाच की, निवडीची किंमत आपण ठरविली होती. वडीलधाऱ्यांनी दिलेले नाकारू नये, हे आपणच त्याला शिकविले. मग त्याच तोंडाने नकाराचे धैर्य त्याच्याकडे मागतो. चौदाव्या वर्षी मामाला 'नको' म्हणणे हे उद्धटपणात जमा होते.

नकार देणाऱ्या त्या मुलाचे कौतुक पंक्तीत क्वचितच होते. बहुधा त्याची थट्टा होते, आणि पेला पुढच्या मुलाकडे सरकतो.