आग्रह आणि उपहास

लग्नकार्याची पंगत बसलेली असते. पंगतीत दहाअकरा वर्षांचा, अंगाने स्थूल असा एखादा मुलगा असतो. वाढणारा आप्त त्याच्या पानापाशी थांबतो, गालाचा चिमटा घेतो आणि सर्वांस ऐकू जाईल अशा स्वरात विचारतो, ‘काय रे भोपळ्या, आणखी किती फुगणार?’ आजूबाजूचे हसतात. त्याच क्षणी तोच आप्त त्याच्या पानात दोन जिलब्या टाकतो. मुलाने हात आडवा धरला तर ‘आमचा मान नाही का ठेवणार?’ हा प्रश्न ठरलेलाच. खाल्ले तर तो खादाड, न खाल्ले तर उद्धट. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे आहे की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या मुलाच्या वतीने आम्हांस येथे थोडा विचार करावयाचा आहे. त्याचा प्रश्न वैद्यकाचा आहेच. पण त्याआधी तो नीतीचा आहे. ज्या सवयी मुलाने स्वतः निवडल्या नाहीत, त्यांचे उत्तरदायित्व त्याच्या एकट्याच्या माथी मारणे न्याय्य आहे काय?

हा प्रश्न चार श्रीमंत घरांपुरता आहे, अशी समजूत कोणी बाळगू नये. युनिसेफने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील 5 ते 19 वर्षे वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचे प्रमाण 9.4 टक्के, तर कमी वजनाच्या मुलांचे 9.2 टक्के झाले. लठ्ठपणाने कुपोषित कृशतेस मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. आपल्या देशात पाच वर्षांखालील अतिवजनाच्या बालकांचे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2.1 टक्के होते, ते 2019-21 च्या पाहणीत 3.4 टक्के झाले. आकडा लहान आहे, पण त्याची दिशा पाहावी. आणि त्याच पाहणीत वयाच्या मानाने वजन कमी असलेली बालके 32.1 टक्के होती, हेही विसरू नये. एकाच गावात, कधी कधी एकाच आळीत, दोन्ही मुले वाढत आहेत.

या दुसऱ्या आकड्यातच पहिल्याचे थोडेसे उत्तर आहे. आपली भाषा भुकेच्या अनुभवातून घडलेली आहे. मूल ‘बाळसे धरते’ हे शुभवर्तमान. ते ‘गुटगुटीत’ असणे ही आईच्या कर्तव्यदक्षतेची साक्ष. कोणी अंगाने भरला तर तो ‘खात्यापित्या घरचा’. गावोगावी भरणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धांतही पाहणाऱ्यांचे डोळे आधी गालांकडेच जात. जी आजी 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या एखाद्या गावी परकर सावरीत सुकडीसाठी रांगेत उभी राहिली, तिला नातवाच्या पानातील शिल्लक भात पाहवत नाही, यात नवल ते काय! तिच्या दृष्टीने खाणारे मूल हे जगणारे मूल होते, आणि त्या काळी ती दृष्टी अगदी यथार्थ होती. आजच्या पदवीधर आईबापांनी तिला अडाणी ठरवून मोकळे होणे आम्हांस मुळीच मान्य नाही.

शिवाय शास्त्रही या आजीच्या बाजूने एक वेगळीच साक्ष देते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची मोजमापे घेतली आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांशी ताडून पाहिली. ते निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या बालकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तिकडच्यांचे 3.5 किलो. आपली बालके सर्वच मापांत लहान. पण स्नायू जितके कमी, तितकी त्वचेखालची चरबी मात्र कमी नव्हती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त असा हा देह मातेच्या उदरातच घडू लागतो. टंचाईसाठी सिद्ध होऊन आलेला हा जीव पुढे बिस्किटे, शेव आणि शीतपेये यांच्या सुकाळात वाढतो. त्याला ‘जिभेचा गुलाम’ म्हणणारांनी हा पूर्वेतिहास ध्यानी घ्यावा. त्याच्या पोटाच्या घेरात त्याच्या आधीच्या दोनतीन पिढ्यांच्या उपासमारीचाही वाटा असू शकतो.

आता मुलाच्या हाती खरोखर काय असते ते पाहू. घरात तेलाचा डबा किती दिवस पुरतो हे आठ वर्षांचा मुलगा ठरवीत नाही. कपाटात फरसाणाची पिशवी कोण आणून ठेवतो? रात्री साडेदहाला जेवावयाचे, जेवताना दूरदर्शनसंच चालू ठेवावयाचा, मूल रडू लागले की त्याच्या हाती भ्रमणध्वनी द्यावयाचा, संध्याकाळच्या खेळाच्या वेळी शिकवणीस पाठवावयाचे, हे सारे निर्णय मोठ्यांचे. अशा घरात डॉक्टरांनी सांगितले म्हणून एके दिवशी मुलाच्या पानात उकडलेल्या भाज्या पडू लागतात आणि बाकीची मंडळी त्याच्यासमोर बटाटेवडे खातात! हा उपचार म्हणावा की शिक्षा?

अमेरिकेतील लेनर्ड एपस्टाइन या मानसशास्त्रज्ञाने स्थूल मुलांच्या कुटुंबांचे तीन गट करून त्यांचा दहा वर्षे मागोवा घेतला. 1990 साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष फार बोलके आहेत. एका गटात सवयी बदलण्यासाठी मूल आणि पालक या दोघांनाही प्रोत्साहन दिले होते, दुसऱ्यात केवळ मुलाला, तिसऱ्यात विशिष्ट असे कोणालाच नाही. आहाराची माहिती तिन्ही गटांना सारखीच होती. दहा वर्षांनी पहिल्या गटातील मुलांच्या अतिवजनाच्या टक्केवारीत 7.5 ची घट टिकून होती, दुसऱ्यात 4.5 ची वाढ झाली होती आणि तिसऱ्यात 14.3 ची. म्हणजे ज्ञान सर्वांस मिळाले, पण फळ मुख्यत्वे त्या घरास मिळाले जेथे बापानेही आपली बशी बदलली. न्यायाच्या दृष्टीने जे आम्हांस उचित वाटते, तेच व्यवहारातही फलदायी ठरावे, हा योग विरळाच.

यावर कोणी विचारील की, मग संयम हा गुण मुलांनी शिकूच नये काय? आपल्या परंपरेत उपवास आहेत, व्रते आहेत, मिताहाराची थोरवी आहे. (एकादशी आणि दुप्पट खाशी हीही आपलीच म्हण आहे, पण तो विषय वेगळा.) संयम शिकवावा, याविषयी दुमत नाही. तथापि आपल्या व्रतांचे स्वरूप आठवावे. एकादशीला घरातील एकाच माणसाला उपाशी ठेवून बाकीच्यांनी श्रीखंडपुरी खाल्ल्याचे कोणी ऐकले आहे काय? घर मिळून जे पाळते, तेच मुलाच्या अंगी हळूहळू मुरते. उलट, समोर ठेवून नाकारलेल्या पदार्थाची ओढ वाढते, असेच जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांना 1999 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लहान मुलांच्या बाबतीत आढळले. कुलूपबंद कपाटातील लाडू मुलाच्या मनात अष्टौप्रहर वास करतो. त्यापेक्षा तो डबा आठवडाभर घरात नसणेच बरे.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी एक सुबोध वाटणी सुचविलेली आहे. काय, केव्हा आणि कोठे वाढावयाचे ते मोठ्यांनी ठरवावे. खावयाचे की नाही आणि किती, ते मुलाने. प्रथमदर्शनी ही वाटणी आपल्या ‘पानात टाकू नये’ या शिस्तीच्या विरुद्ध वाटते. अन्नास पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात उष्टे टाकणे हे पापच. पण दोन्ही गोष्टी साधता येतात. पहिल्यांदा कमी वाढावे आणि हवे असल्यास मुलाने मागून घ्यावे. शिस्त मोडली जाते ती मुलाकडून नव्हे. आधीच डोंगराएवढा भात वाढून मग ‘संपव’ म्हणणाऱ्या हाताकडून.

आणि काय वाढावे, यासाठी परदेशी धान्यांच्या जाहिरातींकडे धावण्याचे कारण नाही. गोव्यात सकाळची पेज आणि नाचणीचे तिझान अजून पुरते विस्मृतीत गेलेले नाही; पोदेराच्या टोपलीत मैद्याच्या पावाशेजारी कोंड्याची पोयही असते. बेळगाव भागात नाचणीची आंबील आणि जोंधळ्याची भाकरी आहे. इंदूरच्या पोह्यांवर आमचा मुळीच राग नाही. त्यांवर पडणारी मूठभर शेव आणि जोडीची जिलबी रोजची असावी की सणावारी, एवढाच प्रश्न. पहिली हकालपट्टी करावयाचीच तर ती बाटलीतल्या गोड पेयांची करावी. 300 मिलिलिटरच्या एका बाटलीत साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशीनुसार अशा वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी भाग मिळावा, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. दुधाच्या पेल्यात ढवळली जाणारी ‘शक्तिवर्धक’ भुकटीही त्याच दृष्टीने डब्यावरची अक्षरे वाचून घ्यावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ‘कुटुंबाने बदलावे’ असे म्हटले की आपल्याकडे त्याचा अर्थ आईने आणखी एक काम करावे असा होतो. तिनेच निराळी भाजी करावी, तिनेच मुलाला फिरावयास न्यावे, आणि वजन घटले नाही तर सासरमाहेरचे बोलही तिनेच ऐकावे. संध्याकाळी घरी येताना भज्यांचा पुडा घेऊन येणारे वडील मात्र प्रेमळ ठरतात. कुटुंब या शब्दात वडील, आजोबा, मामा, काका सर्व येतात, हे ज्या घरास मान्य नाही त्या घराने आहारतज्ज्ञाची पायरी चढण्याची तसदी घेऊ नये.

खेळाविषयीही असेच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी 60 मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण स्थूल मुलास खोखोत शेवटी निवडतात, क्रिकेटमध्ये पंच करतात, आणि धावताना तो पडला की मैदानभर हशा होतो. मग तो खेळ सोडतो, व त्याने खेळ सोडला म्हणून आपण त्यास आळशी म्हणतो. त्याच्यासाठी चढाओढ नसलेले काही शोधले पाहिजे: पोहणे, सायकल, बापाबरोबर बाजारापर्यंत पायी जाणे. मैदाने राखणे हे नगरपालिकांचे काम. त्यांच्या दारी ही मागणी घेऊन किती पालक जातात? शाळेच्या प्रवेशद्वारापासून 50 मीटरच्या आत अति मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2020 चे विनियम सांगतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 साली आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. फलक लावून त्याच वर्गात वाढदिवसाची चॉकलेटे वाटली जाणार असतील, तर मुले कोणता धडा घेतील हे सांगावयास नको.

वजनाविषयी उतावीळपणा मात्र घातक. वाढत्या वयाच्या मुलास उपाशी ठेवावयाचे नसते. पुष्कळदा वजन आहे तेथे थांबवून उंचीला त्यास गाठू देणे एवढेच पुरे होते. त्याचा निर्णय आरशावरून वा शेजाऱ्यांच्या बोलण्यावरून न करता, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2015 च्या वाढतक्त्यांवर वय, उंची व वजन मांडून वैद्याने करावा. रोज काट्यावर उभे करणे, ‘उद्या तुझे लग्न कसे व्हायचे’ असे तेरा वर्षांच्या मुलीस ऐकविणे, यातून देह हलका होत नाही. अशी टोचणी सोसणाऱ्या मुली चोरून खाऊ लागतात, किंवा खाणेच सोडतात, आणि दुसरा रोग पहिल्याहून दुर्धर असू शकतो.

चवथीच्या दिवशी मग काय करावे, असे एका वाचक भगिनीने आम्हांस विचारले होते. नेवऱ्या तळल्या जात आहेत, मोदकांची चळत रचली आहे, आणि घरात असे एक मूल आहे. आमचे उत्तर एवढेच, की त्याच्या पानात इतरांइतकीच नेवरी आणि इतरांइतकेच मोदक वाढावेत, कोणीही त्याच्याकडे टक लावून पाहू नये, आणि त्याने ‘पुरे’ म्हटले की वाढणाराने पुढच्या पानाकडे जावे.