भोपळ्याच्या वाळल्या फोडी

अमेरिकेतील टेनेसी प्रांतात ग्रेट स्मोकी नामक पर्वताच्या कुशीत केड्स कोव्ह म्हणून एक खोरे आहे. तेथे जॉन ऑलिव्हर व त्याची पत्नी लुरेना ही १८१८ साली तान्ह्या मुलीसह वस्तीस आली. पेरणीचा हंगाम टळून गेला होता. जवळची शिधासामग्री सरली, हिवाळा पडला, आणि उपासमारीने मरण समोर दिसू लागले. तेव्हा त्या रानाचे धनी जे चेरोकी लोक, त्यांनी वाळविलेल्या भोपळ्याच्या फोडी दिल्या म्हणून ती जगली, अशी हकिकत त्या घराण्यात चालत आली आहे.

ध्यानात घ्या, ते खोरे त्या वर्षी कायद्यानेही चेरोकी लोकांचेच होते. १८१९ च्या तहाने ते त्यांच्या हातून गेले. म्हणजे न विचारता शेतात शिरलेल्यास शेतधन्यानेच जेवू घातले! अब्राहामाने वाटसरूंचे आदरातिथ्य केले, हे आपण मुलांस शिकवितो. त्या वाटसरूंनी अब्राहामाचा तंबू मात्र मागितला नाही.

ऑलिव्हर कुटुंब देवभीरू होते. १८२७ साली तेथे बाप्तिस्ट मंडळी स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या सभासदांत ती दोघे होती. पुढे १८३८ साली सरकारी शिपायांनी चेरोकी लोकांस घरांतून काढून पश्चिमेकडे हाकलले. छावण्यांत व वाटेत हजारो मेले. ऑलिव्हराने कोणास हाकलले असे आम्ही म्हणत नाही. परंतु हाकलले गेलेल्यांत ख्रिस्ती बांधवही होते. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले, त्याच बोर्डाने १८१७ साली चेरोकी लोकांत ब्रेनर्ड येथे काम आरंभिले होते. त्याचा मिशनरी डॅनियल बट्रिक त्या दुःखाच्या वाटेने त्यांच्यासंगे गेला.

उपदेशक बंधूंनो, दुष्काळात ज्या शेजाऱ्याने आपणांस पायलीभर जोंधळे दिले, त्याच्या बांधावर आपला नांगर कधी सरकला आहे काय? आम्ही हा प्रश्न प्रथम आपल्याच मनास विचारला, आणि उत्तर देण्यास आम्हांस वेळ लागला.

ऑलिव्हराचे ओंडक्यांचे घर अजून उभे आहे. १९३४ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा त्याच्या वंशजांसही खोरे सोडावे लागले. जे थोडे चेरोकी डोंगरांत राहिले होते, त्यांची मुलेबाळे त्याच पर्वताच्या पलीकडल्या उतारावर आजही नांदत आहेत.