कोयत्याचे लोखंड



नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीत काम करणाऱ्याच्या हाती कोयता असतो. हे लोखंड कोठून आले, असे त्यास विचारिले तर तो म्हणेल, लोहाराकडून. लोहार म्हणेल, खाणीतून. पण खाणीत ते कसे आले?

विद्वानांचा शोध असा आहे. सृष्टीच्या आरंभी बहुतेक हायड्रोजन व हेलियम हे हलके वायूच होते. लोखंड नव्हते, सोने नव्हते. तारा ही एक भट्टी होय. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होते, त्यातूनच आपणांस ऊन मिळते. सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांत ताप वाढत जाऊन कार्बन, प्राणवायू व अखेर लोखंड घडते. पुढे मात्र भट्टी चालत नाही. कारण लोखंड जुळविल्याने उष्णता निघत नाही, उलट खर्च होते. मग ताऱ्याचा गाभा स्वतःच्याच भाराने कोसळतो, तारा फुटतो व त्याचे धन आकाशात विखुरते. त्याच धुळीतून पुढे पृथ्वी घडली. सोने मृत, अतिघन ताऱ्यांच्या टकरीतही घडते. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी विद्वानांस दिसली.

१९५७ साली बरबिज पतिपत्नी, फाउलर व हॉइल ह्या चौघांनी ताऱ्यांतील ह्या घडणीचा वृत्तांत एका निबंधात मांडिला. हॉइल ह्यांचे शिष्य जयंत नारळीकर (१९३८–२०२५) हे कोल्हापुरात जन्मले. १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या 'आयुका' संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते, व त्यांनी मराठीत लिहून आकाशाचे ज्ञान सामान्य वाचकांस दिले.

कोणी तरुण विचारतात, "मग देवाने काय केले?" कुंभाराचे चाक कसे फिरते हे कळले, म्हणून कुंभार नाहीसा होतो काय?

दुसरी गोष्ट अधिक जवळची आहे. मोठ्या माणसाच्या देहात सुमारे तीन-चार ग्रॅम लोखंड असते, व त्यातील बहुतेक रक्तात असते. ज्यास विहिरीवर पाणी नाकारिले गेले त्याच्या रक्तातील लोखंड, व नाकारणाऱ्याच्या रक्तातील लोखंड, दोन्ही ताऱ्यांच्याच भट्टीतले. त्यात उच्च कोणते व नीच कोणते?

पण बोट दुसऱ्याकडे दाखविण्यापूर्वी आपण आपल्या मंडळीकडे पाहू. प्रभूच्या मेजाजवळ येतानाही पूर्वीची जात आठवून अंतर राखणारे आम्हांत नाहीत काय? माणूस मातीचा आहे, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. ती माती ताऱ्यांतून आली, आणि सर्वांची एकच आहे. हे जाणूनही आम्ही दूर बसलो, तर आमचे ऐकणे व्यर्थ होय.

उपदेशक बंधूंनो, चांदणे नसलेल्या रात्री मंडळीस समुद्रकाठी न्या. प्रथम आकाश दाखवा; मग प्रत्येकास आपल्या शेजाऱ्याचा हात धरावयास सांगा.